पिवळ्या दिव्याचे तीन सेकंद

'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकाच्या १९६० सालच्या पहिल्या अंकात एक वीसेक पानांचा पेपर आहे. शीर्षक मराठीत सांगायचं तर 'वाहतूक प्रवाहातला पिवळ्या दिव्याचा प्रश्न'. लेखक तिघे: डेनोस गॅझिस, रॉबर्ट हर्मन आणि अ‍ॅलेक्सी मॅराडूडिन. त्यातलं मूळ गणित बारावी सायन्सच्या गतिविषयक समीकरणांपलीकडे जात नाही. तरीही जगभरात सिग्नलचा पिवळा दिवा किती वेळ ठेवायचा याची चर्चा आजही याच पेपरपासून सुरू होते. आणि पेपर छापून झाल्यावर साठ वर्षांनी अमेरिकेतल्या अधिकृत मार्गदर्शक सूत्रात बदल झाला, तोही याच पेपरमधल्या एका गृहीतकावर बोट ठेवल्यामुळे.

पीएचडीची तयारी करणाऱ्यांशी बोलताना एक तक्रार नेहमी कानावर येते: 'आमच्या विषयात सगळं होऊन गेलंय, आता फक्त सॉफ्टवेअर चालवायचं बाकी आहे.' त्यांच्यासाठी या पेपरची गोष्ट जरा सावकाश सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. लंडनला पार्लमेंटसमोर डिसेंबर १८६८ मध्ये पहिला रस्ता-सिग्नल उभा राहिला. कल्पना रेल्वेत काम करणाऱ्या जॉन पीक नाइट यांची, त्यामुळे घाट रेल्वेचाच. दिवसा वर-खाली होणारे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. गंमत म्हणजे हिरव्याचा अर्थ तेव्हा 'जा' असा नव्हता, 'जपून जा' असा होता. महिनाभरातच गॅसचा स्फोट झाला, सिग्नल चालवणारा पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग तिथेच गुंडाळला गेला. पुढे ऑगस्ट १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये विजेचा सिग्नल आला. त्यात लाल आणि हिरवा दोनच दिवे होते. रंग बदलणार हे सांगायला बझर वाजायचा. १९२० मध्ये डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी तिसरा, पिवळा दिवा घातला. म्हणजे पिवळा हा जन्मापासून बझरचा वारसदार. त्याचं काम सूचना देण्याचं. थांब किंवा जा असा स्वतःचा हुकूम त्याच्याकडे नाही.

सूचना किती आधी द्यायची? त्यासाठी ठोकताळे होते, काही हँडबुकांत सूत्रंही होती. पण चालकाच्या बाजूने एक साधा प्रश्न विचारता येतो: पिवळा लागल्यावर नियम पाळणं त्याला शक्य तरी आहे का? या तिघांनी हा प्रश्न मध्यभागी ठेवला.

हे तिघे कोण होते तेही पाहण्यासारखं आहे. गॅझिस इंजिनीअरिंगच्या यांत्रिकीतले. मॅराडूडिन स्फटिकांमधल्या स्पंदनांवर काम करणारे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. आणि हर्मन म्हणजे तेच, ज्यांनी राल्फ आल्फर यांच्याबरोबर १९४८ मध्ये सांगितलं होतं की विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा अवशेष आजही सगळीकडे असणार आणि त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर पाचेक अंश असेल. पेन्झियस आणि विल्सन यांना ते प्रारण १९६४-६५ मध्ये सापडलं आणि १९७८ चं नोबेलही त्यांनाच मिळालं. हर्मन तोवर कधीच जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेत जाऊन गाड्यांच्या रांगांचं गणित मांडू लागले होते. एम.एस्सी. फिजिक्स करून 'रोड ट्रॅफिक'मध्ये पीएचडी घेतली म्हणून ज्यांना घरी ऐकून घ्यावं लागतं (असे आम्ही बरेच आहोत), त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

आता पेपरमधला युक्तिवाद. आकडे मी माझे घेतो, म्हणजे वहीत करून बघता येतील.

तुम्ही ताशी ५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साधारण १३.९ मीटर वेगाने चौकाकडे येताय. पिवळा लागतो. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत १ सेकंद जातो असं धरू. तेवढ्यात गाडी १३.९ मीटर पुढे गेली. त्यानंतर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतक्या मंदनाने ब्रेक लावला. हा कचकन लावलेला ब्रेक नव्हे, मागच्याला ठोकायची वेळ न आणणारा ब्रेक. वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट, असं केलं की ३२.२ मीटर येतात. बेरीज ४६.१ मीटर. पिवळा लागला तेव्हा तुम्ही स्टॉप लाइनपासून यापेक्षा जवळ असाल, तर नीट थांबणं शक्य नाही.

मग जाऊ द्या, निघून जा. चौकाची रुंदी २० मीटर, गाडीची लांबी ४ मीटर. लाल लागायच्या आत चौकाबाहेर पडायचं तर स्टॉप लाइनपर्यंतचं अंतर अधिक हे २४ मीटर कापायला हवेत. पिवळा ३ सेकंदांचा असेल तर त्या वेळात गाडी जाते ४१.७ मीटर. त्यातून २४ वजा केले की उरतात १७.७ मीटर. म्हणजे पिवळा लागताना तुम्ही लाइनपासून १७.७ मीटरच्या आत असाल तरच वेग न वाढवता बाहेर पडाल.

दोन आकडे शेजारी ठेवा. १७.७ पेक्षा लांब असाल तर जाता येत नाही, ४६.१ पेक्षा जवळ असाल तर थांबता येत नाही. मधल्या २८ मीटरच्या पट्ट्यात सापडलेल्या चालकाची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी. तो दारू प्यायलेला नाही, मोबाईलवर बोलत नाही, वेगमर्यादेत आहे; तरी त्याच्यापुढे कायदेशीर आणि सुरक्षित असा एकही पर्याय नाही. या पट्ट्याला पेपरने 'डायलेमा झोन' म्हटलं. आणि तो पट्टा कोणी तयार केला? चालकाने नाही, पिवळा ३ सेकंदांचा ठेवणाऱ्याने.

पट्टा नाहीसा करायचा तर पिवळ्याची किमान वेळ तीन तुकड्यांची बेरीज असावी लागते: प्रतिक्रियेची वेळ, वेग भागिले मंदनाची दुप्पट, आणि चौकाची रुंदी अधिक गाडीची लांबी भागिले वेग. आपल्या उदाहरणात १ अधिक २.३ अधिक १.७, म्हणजे ५ सेकंद.

इथे बरेच विद्यार्थी सूत्र पाठ करून पुढे जातात, पण एक मिनिट थांबण्यासारखं आहे. वेग दुसऱ्या तुकड्यात वर आहे आणि तिसऱ्यात खाली. म्हणजे वेग वाढला की एक तुकडा वाढतो, दुसरा कमी होतो. आपल्या आकड्यांत सगळ्यात कमी पिवळा लागतो तो सेकंदाला १२ मीटर वेगाला, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरला: बरोबर ५ सेकंद. त्यापेक्षा हळू गाडीला जास्त वेळ लागतो! ताशी २० ने येणाऱ्याला ६.२ सेकंद, ताशी १५ ने येणाऱ्याला जवळपास ७.५. 'जास्त पिवळा फक्त हायवेवर लागतो' असं आपल्याला सहज वाटतं; समीकरण म्हणतं, मोठा चौक रखडत ओलांडणाऱ्यालाही तो हवा. ताशी ५० ने येणारी कार आणि ताशी १५ ने येणारी सायकल एकाच हिरव्यातून सुटत असतील तर एकच पिवळा कोणासाठी मोजायचा? पेपरमध्ये सायकली नाहीत, पण प्रश्न त्याच समीकरणात बसलेला आहे.

तिघे नुसतं गणित मांडून थांबले नाहीत. त्यांनी प्रत्यक्ष चौकांवर पिवळ्याला चालक काय करतात याची निरीक्षणं घेतली आणि ती सिद्धांताशेजारी ठेवली. पेपर टिकला याचं अर्धं कारण मला यात दिसतं. नुसतं समीकरण असतं तर 'माणसं अशी वागत नाहीत' म्हणून कोणीही बाजूला सारलं असतं.

पुढे हे सूत्र वाहतूक अभियंत्यांच्या हँडबुकांत गेलं, आणि तिथे जाताना त्याचे दोन भाग झाले. पहिले दोन तुकडे झाले पिवळा; तिसरा, चौक रिकामा होण्याचा तुकडा झाला 'ऑल रेड', म्हणजे सगळ्या बाजूंना क्षणभर लाल. हे वाटतं तितकं किरकोळ नाही, कारण मध्ये कायदा येतो. काही अमेरिकी राज्यांत नियम असा की लाल लागताना तुम्ही चौकात असता कामा नये. काही ठिकाणी असा की पिवळा असताना लाइन ओलांडली म्हणजे झालं, मग चौकात लाल लागला तरी गुन्हा नाही. दुसऱ्या नियमाखाली आपल्या उदाहरणातला पट्टा २८ मीटरवरून साडेचारच्या आसपास येतो. गाडी तीच, ब्रेक तोच, तीनच सेकंद. फक्त कायद्यातलं वाक्य बदललं. तेव्हा एखाद्या पेपरमध्ये 'डायलेमा झोन इतक्या मीटरचा आला' असं वाचलं की आधी विचारायचं, कोणत्या नियमाखाली.

ब्रिटनने तर वेगळाच रस्ता धरला. तिथे पिवळा देशभर ३ सेकंदांचा, ठरलेला. चौकानुसार जे बदलायचं ते एका बाजूचा हिरवा संपून दुसऱ्या बाजूचा सुरू होईपर्यंतच्या एकूण वेळात बदलायचं. चालकाला प्रत्येक चौकात पिवळ्याचा नवा अंदाज बांधावा लागत नाही, हा त्याचा फायदा. मला व्यक्तिशः ही पद्धत शहरातल्या वेगांपुरती पटते. वेग वाढला की ३ सेकंद कुठून आले हा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

लिटरेचर रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी इथेच एक धोक्याची सूचना. १९७० च्या दशकात 'डायलेमा झोन' हे नाव आणखी एका गोष्टीला चिकटलं. स्टॉप लाइनपासून जिथे दहातले नऊ चालक थांबतात तिथपासून ते जिथे दहातला एकच थांबतो तिथपर्यंतचा पट्टा, म्हणजे चालकांचं एकमत नसलेला पट्टा. पहिला पट्टा भौतिकीचा आहे, तो पिवळा वाढवून पुसता येतो. दुसरा मनाचा आहे. पिवळा कितीही वाढवा, कुठेतरी माणसं 'जाऊ की थांबू' करणारच. पुढचा थांबला, मागचा दामटायच्या विचारात होता, की मागून धडक. आता या दोघांना टाइप वन आणि टाइप टू म्हणतात, पण जुन्या पेपरांत नुसतंच 'डायलेमा झोन' लिहिलेलं असतं आणि दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे एकाच तक्त्यात आलेले दिसतात.

आता त्या गृहीतकाकडे येऊ. सूत्राच्या 'निघून जा' या भागात एक गोष्ट धरलेली आहे: जाणारी गाडी त्याच वेगाने सरळ जाते. सरळ जाणाऱ्यासाठी ठीक. पण वळणाऱ्याचं काय? वळणारा माणूस ५० ने वळत नाही. त्याला वेग कमी करावाच लागतो, म्हणजे तेच अंतर कापायला जास्त वेळ. हँडबुकातलं सूत्र मात्र वळणाच्या लेनलाही तसंच लावलं जात होतं. सिग्नलवर शिट्टी घेऊन पोलीस उभा असतो तोवर हे खपून जातं, कारण पोलिसाला दशांश सेकंद दिसत नाही आणि 'चल जा' म्हणायची मुभा त्याला असते. लाल दिव्यावर कॅमेरा बसला की दशांश सेकंदाचे पैसे होतात.

२०१३ मध्ये अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या बीव्हर्टन इथे मॅट्स यार्लस्ट्रॉम यांच्या पत्नीला अशाच कॅमेऱ्यामुळे दंड झाला. यार्लस्ट्रॉम मूळचे स्वीडनचे, इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलेले. वाहतूक हा त्यांचा विषय नव्हे. त्यांनी पिवळा कसा ठरवतात ते शोधलं, ते १९६० च्या समीकरणापर्यंत पोचले आणि हे सूत्र वेग कमी करणाऱ्या वाहनाला लागूच पडत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. दुरुस्ती सोपी आहे. दुसऱ्या तुकड्यात वेगाच्या निम्म्याऐवजी 'येण्याचा वेग वजा वळण्याच्या वेगाचा निम्मा' घ्या आणि त्याला मंदनाने भागा. दोन्ही वेग सारखे ठेवले की जुनं सूत्र परत मिळतं. ५० ने येऊन २५ ने वळणाऱ्याला पिवळा ३.३ ऐवजी साधारण ४.५ सेकंद हवा. सव्वा सेकंद कमी पडतो! कॅमेऱ्याच्या हिशेबात सव्वा सेकंद म्हणजे युग.

त्यांनी हे जाहीरपणे मांडायला सुरुवात केली, राज्याच्या अभियंता-परवाना मंडळालाही लिहिलं. मंडळाने गणित तपासायचं सोडून त्यांनाच ५०० डॉलरचा दंड केला. कारण काय, तर परवाना नसताना अभियांत्रिकी केली आणि स्वतःला इंजिनीअर म्हणवून घेतलं. २०१७ मध्ये ते कोर्टात गेले. दंड परत मिळाला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मूळ पेपरच्या लेखकांपैकी मॅराडूडिन यांच्याशीही त्यांनी संपर्क साधला होता, आणि मॅराडूडिन यांनी त्यांचं म्हणणं उचलून धरलं: आमचं सूत्र सरळ जाणाऱ्यासाठी होतं, वळणाऱ्यासाठी नव्हे. स्वतःचा पेपर कुठे चुकीचा वापरला जातोय हे पन्नास-पंचावन्न वर्षांनी लेखकानेच सांगायचं, हे योग क्वचित येतात. २०२० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनीअर्सने पिवळा आणि ऑल रेडबद्दलची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात वळणाऱ्या वाहनांसाठी हे वाढवलेलं समीकरण आहे.

ही गोष्ट सांगितली की 'बाहेरच्या एकट्या माणसाने तज्ज्ञांना हरवलं' असा सूर लोक लावतात. तो मला तितकासा खरा वाटत नाही. गॅझिस आणि हर्मन यांनीच चिऊ लिऊ यांच्याबरोबर १९९६ मध्ये पिवळ्याच्या प्रश्नाचा पुन्हा आढावा घेणारा पेपर लिहिला होता. म्हणजे ३६ वर्षांनीही त्यांच्या लेखी तो सुटलेला नव्हता. संशोधक प्रश्न विचारत होते. हँडबुकात मात्र सूत्र राहिलं आणि त्याच्या आजूबाजूची वाक्यं गळाली. सूत्र उचलून नेणं सोपं असतं, 'हे तेव्हाच खरं, जेव्हा...' ही ओळ मागे राहते.

आपल्या चौकांवर येऊ. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे त्यांचं डावं वळण म्हणजे आपलं उजवं: समोरच्या प्रवाहाला छेद देणारं, मोठ्या चौकात लांबलचक. पण आपल्याकडे त्याआधीच दुसरी दोन गृहीतकं मोडतात. एक, 'गाडीची लांबी' आणि 'मंदन' हे एकेक आकडे नाहीत. एकाच हिरव्यात स्कूटर, रिक्षा, शहर बस आणि हातगाडीही असते. लेन नसल्यामुळे बसच्या ब्रेकच्या अंतरात दोन स्कूटर शिरलेल्या असतात, म्हणजे बसवाल्याला गणिताने थांबता येत असलं तरी प्रत्यक्षात समोर जागा नसते.

दुसरं जास्त मजेशीर. मूळ युक्तिवादात पिवळा अचानक लागतो; म्हणून तर प्रतिक्रियेचा तो १ सेकंद. पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत आपल्या कित्येक सिग्नलांवर हिरव्याचे उलटे आकडे दिसतात: ५, ४, ३... चालकाला पिवळा येणार हे शंभर मीटरवरूनच माहीत असतं. प्रतिक्रियेची वेळ मग शून्य धरायची का? काही जण आकडा बघून आधीच वेग सोडतील, काही जण त्याच आकड्यावर अ‍ॅक्सिलरेटर पिळतील. म्हणजे 'वेग कायम' हे गृहीतक पिवळा लागायच्या आधीच मोडलं, आणि तेही दोन उलट्या दिशांना. डायलेमा झोन लहान होतो की नुसता मागे सरकतो, हे समीकरणावरून सांगता येत नाही. चौकात मोजावं लागतं. आणि आता आपल्याकडेही कॅमेऱ्याने ई-चलान येतं, त्यामुळे या मोजण्याला अर्थ आहे.

मोजायला फार काही लागत नाही. चौकाजवळची एखादी गच्ची (परवानगी घेऊन), स्टॉप लाइनपासून मागे दर पाच मीटरवर ओळखता येतील अशा खुणा, आणि सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ काढणारा फोन. फ्रेममध्ये सिग्नलचा दिवाही यायला हवा, नाहीतर पिवळा कधी लागला ते नंतर जुळवत बसावं लागतं. ताशी ५० ने जाणारी गाडी एका फ्रेममध्ये साधारण ४६ सेंटीमीटर सरकते. एवढी अचूकता पहिल्या पायलट अभ्यासाला पुरते. टायमर चालू असलेला एक चौक आणि टायमर बंद पडलेला त्याच रुंदीचा दुसरा चौक सापडला, तर आणखी उत्तम. आपल्याकडे बंद पडलेला टायमर शोधायला फार लांब जावं लागत नाही.